खुंटीवरचा बॅज

"हात पुढे करा. आता उलटे."

टिकटिकबाईंनी यंत्राची नळी तिच्या तळव्यांवरून, मनगटांवरून आणि बुटांच्या तळांवरून फिरवली. यंत्र अधूनमधून टक् करत होतं, तेवढंच.

विद्यापीठाच्या सुरक्षा विभागातल्या या बाईंना त्यांचं खरं नाव कुणी विचारत नसे. किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र खांद्याला लटकवून त्या आवारात फिरायच्या. त्या दिसल्या की सरळमार्गी माणसालाही आपण कुठेतरी काहीतरी सांडून आलोय असं वाटायचं. आज त्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या, खास तिथल्या सहायिकेसाठी. अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजायला प्रयोगशाळेत सगळ्यांना बॅज लावावा लागे; तिच्या बॅजने गेल्या महिन्यात नको तेवढा किरणोत्सर्ग टिपला होता.

ती चौथ्या महिन्यात होती. याआधी दोनदा हाती आलेलं सुख निसटलं होतं. सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा तिच्या पायांखालची जमीन सरकली, ती अजून जागेवर आली नव्हती.

"काही सांडलं होतं?"

"नाही. प्रयोगातल्या रोपांना ते किरणोत्सर्गी पाणी मी आता देतच नाही. दिवस गेल्याचं सांगितलं तसं सरांनी मला त्या टेबलाच्या आसपासही फिरकू दिलं नाही."

"तुमच्यावर काही उपचार? काही आजारांत दवाखान्यात असंच किरणोत्सर्गी द्रव्य औषध म्हणून देतात. मग माणूसच काही दिवस माझं यंत्र वाजवत फिरतो."

"मला काहीच आजार नाही हो," ती रडकुंडीला आली.

टेबल, बेसिन, फ्रीजची मूठ, कचऱ्याचा डबा. यंत्र ढिम्म. बाकी सगळ्यांचे बॅज कोरे निघाले होते.

"मग तुमचाच का भरला? संध्याकाळी दारामागच्या फलकावर लावून जाता ना?"

ती खाली बघू लागली.

"बाई, रागावू नका. मी घरी नेते. पर्सच्या पट्ट्यालाच अडकवलेला असतो. एकदा सापडत नव्हता, दिवसभर जीव टांगणीला लागला. तेव्हापासून नजरेआड करतच नाही."

"धन्य आहात! म्हणजे आपलं काखेत कळसा नि गावाला वळसा चाललंय. चला, घर दाखवा."

घर आवारातच होतं, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. पण आज तिचे पाय उचलत नव्हते. नवरा घरी असणार होता. हल्ली तो परक्यासारखा वागायचा. कंपनीच्या एका लांब दौऱ्यावरून परतला तो घसा बसवून. मग आणखी एक छोटा दौरा झाला आणि तेव्हापासून, माझी सर्दी तुला लागेल म्हणत, तो हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागला. स्वतःचं ताट स्वतः विसळायचा. ती जवळ बसली की उठून जायचा. आधी तिला कौतुक वाटलं. पण सर्दी इतकी टिकते? पोट दिसायला लागलं आणि याचं मन उडालं, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

दार त्यानेच उघडलं. एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. बाईंच्या खांद्यावरचं यंत्र पाहून तो मागे सरला आणि दिवाणावर जाऊन बसला.

"काय झालं?" आवाज अजून फाटलेलाच.

तिने रडत रडत सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाळाला काही..."

"तेच बघायला आलेय," बाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी यंत्र सुरू केलं.

तिची उशी, पलंग, कपाट. काही नाही. स्वयंपाकघरातही काही नाही. हॉलमध्ये आल्यावर मात्र यंत्राला कंठ फुटला. बाईंनी नळी पर्स अडकवायच्या खुंटीकडे नेली. टिकटिक वाढली. खुंटी बरोबर दिवाणाच्या वर होती. नळी खाली आली तशी टिकटिक आणखी वाढली.

तिने दोन्ही हातांनी पोट धरलं. म्हणजे आपणच हे विष घरात आणलं! पर्सला लागून आलं आणि सगळीकडे पसरलं. त्याच हातांनी आपण जेवलो, झोपलो, पोटावरून हात फिरवले.

"तुम्ही जरा उठता का?" बाई त्याला म्हणाल्या. "गादी तपासते."

तो उठला आणि तिला वळसा घालून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दिवाणावरची टिकटिक मंदावली. बाईंनी उशी उलटली, गादी उचलली, कपाळाला आठ्या घातल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी नळी खिडकीकडे वळवली. यंत्राची टिकटिक चढत चढत सलग झाली.

बाईंनी यंत्र बंद केलं.

त्याने मफलर सोडला. गळ्याच्या खळीजवळ आडवी, अजून गुलाबी असलेली ऑपरेशनच्या टाक्यांची खूण होती.

"दवाखान्यात ती औषधाची गोळी दिली तेव्हा डॉक्टरांनी तुझ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं," तो तिला म्हणाला. "खुंटीचं काही बोलले नव्हते."