पीराचं पोर

परतूरच्या शाळेत धर्माच्या तासाची घंटा झाली की पोरांची पांगापांग व्हायची. मुसलमानांची पोरं दीनियात, म्हणजे इस्लामचे धडे, शिकायला हेडमास्तर सिराजोद्दीन यांच्या खोलीत, हिंदूंची नीतीचे धडे गिरवायला रामराव मास्तरांच्या खोलीत. कडूबा तेवढा ओसरीवर उभा राहिला. अंगात हिरवा सदरा, गळ्यात हिरवा नाडा, काखेत भिक्षेची झोळी. मोहरम चालू होता, गावात सवाऱ्या, म्हणजे पीरांचे पंजे, बसल्या होत्या आणि त्यांचं विसर्जन होईपर्यंत आईने नवसापायी त्याला फकीर केलं होतं.

"तुझी खोली ही. आत ये," रामराव मास्तर खेकसले.

"सवाऱ्या थंड होईस्तोर मी पीराचा हाय, मास्तर. माय म्हनली."

"मंग जा पीराच्या खोलीत!"

तिकडे सिराजोद्दीन यांनी त्याला दारातच अडवलं. हिंदूचं पोर दीनियातला बसलेलं दिसलं असतं, तर उद्या तपासणीला येणाऱ्या साहेबाने त्यांचीच हजेरी घेतली असती. त्यांनी सरळ त्याच्या आईला बोलावणं धाडलं.

झुंबरबाई निंदणी टाकून आली.

"हिरवं उतरवा आन् पोराला रामरावांकडं बसवा," सिराजोद्दीन म्हणाले. "न्हाई तर नाव कापावं लागंल. सरकारचा कायदा हाय, बाई."

"सिराजभाई, तुमच्याच गल्लीतल्या सवारीम्होरं बोलले मी नवस. तुमच्या अम्मानं ऊद लावला व्हता."

हे सिराजोद्दीन यांना ठाऊक नव्हतं थोडंच? म्हणूनच तर ते जास्त चिडले. "नवस घरी! शाळेत एक काय ते सांगा. बिलकुल एक!"

"याच्या आधी दोन गेले माझे. त्यायला पुरताना कुनी इचारलं न्हाई, कोन्त्या खोलीतले म्हून. हिरवं न्हाई उतरायचं."

"मंग शाळा बंद त्याची! जा घेऊन!"

एवढं ओरडायची काही गरज नव्हती. दोन्ही खोल्यांतला गलका थांबला. कडूबाचे डोळे भरून आले. घरात अक्षर ओळखणारा तो एकटाच होता.

आईने त्याचा हात धरला. पण दारातून निघताना फकिराने काय करायचं असतं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याने काखेतली झोळी पुढे केली. तिला रिकामी जाऊ देऊ नये, हे सिराजोद्दीन यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी खिसे चाचपले. खडूचे दोन तुकडे निघाले, तेच त्यांनी झोळीत टाकले.

कडूबाने बाहीने नाक पुसलं आणि रोज दारोदार देतो तशीच दुवा दिली.

"अल्ला तुमची लेकरं जगवो, मास्तर."