मऊ केलेला कॉर्सेट

“आई, आणखी आवळा!” कपाटाला घट्ट धरून मी म्हटलं. सासूबाई मागून माझ्या नव्या कॉर्सेटच्या नाड्या ओढत होत्या. धाकट्या दिराच्या लग्नात मला बारीक कंबर दाखवायची होती.

“अगं, श्वास तरी घेशील का?” म्हणत त्यांनी नाड्या सैल सोडल्या. दुकानातल्या बाईनेही हेच बजावलं होतं. आधी रोज थोडा वेळ सैलसर घालायचा, म्हणजे तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो; आवळायचं नंतर. मी मात्र दहाच मिनिटांत घामाघूम व्हायचे, तो खुंटीला टांगायचे आणि ऑफिसला पळायचे.

लग्नाच्या आठवडाभर आधी घातला, तर अगदी लोण्यासारखा मऊ! पण माझ्या अंगावर बसेचना. पुढे फुगवटा, बाजूंना पोकळी.

“आई, याला काय झालं?”

“काय व्हायचंय? तू गेलीस की रोज दुपारी मी घालत होते. तुझ्या कोल्हापुरी चपला नाही का मीच आधी घालून मऊ करून देत?” मग जरा लाजून म्हणाल्या, “पण माझी पाठ बघ की गं, कशी ताठ झाली!”

लग्नात सासूबाई शालूखाली कॉर्सेट घालून मांडवभर मिरवल्या. नवरीच्या आईने मला कोपऱ्यात गाठून त्या कमरेचं गुपित विचारलंच.

“सोपं आहे,” मी तिसरी जिलेबी उचलत म्हटलं. “सुनेला एक कॉर्सेट घ्यायला सांगा आणि तिला ऑफिसला पाठवून द्या.”