तांब्याचा वॉशर

मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कची डावी नळी उपडी केली, तसं काळं, कुजकट वासाचं तेल भसकन डब्यात आलं.

"बघ," समाधान म्हणाला. "यावर बसवून आणणार होतास बाबांना! पेणहून इथवर येताना त्यांच्या कमरेचे टाके ढिले झाले असते."

"चालली असती रे, दादा. उगाच एवढा घासत बसलायस," उदय ओट्यावर बसून मोबाइल चाळत म्हणाला.

गोडदेवला उदयच्या खोलीशेजारच्या बोळात दोघा भावांची शनिवारची दुपार अशी चालली होती. मोटरसायकल उदयची, मेहनत समाधानची. लहानपणापासून वाटणी हीच. लग्नाआधी समाधान गॅरेजात कामाला होता आणि हात अजून काही विसरले नव्हते.

उद्या समाधानच्या शांती नगरच्या नव्या घरात बुद्धवंदना होती आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच बाबा त्याच्याकडे येणार होते. एस.टी. त्यांना लागते, म्हणून उदयनं पहाटे गावी जायचं आणि त्यांना मागे बसवून आणायचं ठरलं होतं.

आई गेली तेव्हा समाधान पोचला तो सगळं आटोपल्यावर. उदयचा फोनच उशिरा आला होता, पण बाबांनी काही ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून अबोला. बाबा फोन वापरत नाहीत, त्यामुळे निरोप यायचे-जायचे ते उदयमार्फत. समाधान दोनदा गावी निघाला होता. "आत्ता गेलास तर तोंडावर दार लावतील, थोडं थांब," असं म्हणून उदयनंच त्याला आवरलं. धाकटा असून केवढा समजूतदार, असं समाधान बायकोला कौतुकानं सांगायचा.

त्यानं दोन्ही नळ्यांना नवे सील बसवले, दोन्हींत सारखं तेल ओतलं, हँडल दाबून पाहिलं. फोर्क अलगद खाली गेला, अलगद वर आला. मग त्यानं मागच्या सीटवर एक उशी सुतळीनं घट्ट बांधली.

"नक्की येणार ना रे?"

"हो म्हणालेत. पण त्यांचा काय नेम?"

"खाली पुठ्ठा अंथरलाय, तो गाडी काढशील तेव्हा उचल," समाधान म्हणाला आणि रिक्षा पकडून घरी आला.

रविवारी सकाळी त्याची तेलकट पँट भिजत घालताना पंचशीलानं खिसा चाचपला. "अहो, ही कसली अंगठी?"

तिच्या तळव्यावर तांब्याचा छोटा वॉशर होता. समाधाननं तो हिसकावून घेतला. डाव्या नळीच्या तळाच्या बोल्टखाली बसायचा वॉशर! तो नसला की तेल थेंबथेंब गळत राहतं. फोर्क कोरडा पडतो, दणके देतो. तेच तेल पुढच्या ब्रेकवर गेलं तर? आणि मागे बाबा!

उदयचा फोन बंद होता. तो केव्हाच निघाला असणार. पाहुणे यायला लागले तरी समाधान घरात थांबेना. काशीमिऱ्याच्या नाक्यावर, घोडबंदरकडून येणारी एकेक मोटरसायकल बघत तो उभा राहिला. आपल्या हातानं आपण बापाला मारणार, दुसरं काही त्याच्या डोक्यात येईना.

शेवटी पंचशीलाचा फोन आला. "भावजी आलेत. एकटेच आहेत. धडधाकट आहेत हो, तुम्ही या आधी."

उदय आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. गाडी घरी ठेवून रिक्षानं आलो, म्हणाला. समाधाननं त्याला मिठीच मारली.

"बाबा?"

उदयनं त्याला गॅलरीत नेलं. "दारापर्यंत आले, दादा. उशी बघितली, आणि परत आत गेले. म्हणाले, मला एकच मुलगा आहे."

समाधाननं गॅलरीचा गज घट्ट धरला. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "फोर्क... त्रास नाही ना दिला?"

"मख्खन! एक खड्डा कळला नाही."

समाधाननं मान खाली घातली. तेल गळलेला फोर्क जाता-येता हाडं खिळखिळी करतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पोरानं सगळे दणके सोसले आणि घरात पाहुणे आहेत म्हणून दादाची चूक पोटात घातली. बापानं टाकलं, पण भाऊ तरी लाखातला मिळाला. भंतेजी आले, वंदना झाली. समाधानचे हात जोडलेले होते आणि डोळे राहून राहून भरत होते.

सोमवारी उदय ड्युटीवर गेल्यावर समाधान वॉशर आणि तेलाची नवी बाटली घेऊन गोडदेवला गेला. त्याला कळू न देता काम उरकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मोटरसायकल बोळात स्टँडवर उभी होती. सीटवर उशी तशीच होती. समाधान तिच्यापुढे उकिडवा बसला आणि वाकून डाव्या नळीखाली बघितलं.

शनिवारी अंथरलेला पुठ्ठा जागच्या जागी होता. बरोबर बोल्टच्या खाली, एकाच जागी, नळीतलं सगळं नवं तेल साठलं होतं.