वर्षाचं पान

आमच्या सुनेला घाई म्हणून नाहीच. घाटात जीप शिरल्यापासून कधी उलटी, कधी चहा, कधी चप्पल तुटली. सारखी गाडी थांबवते.

माझा गिरिधर गेल्या साली ज्या कड्यावरून पडला, तिथं चढून त्याच्या वर्षश्राद्धाचं पान ठेवायचंय, तेही दुपार कलायच्या आत. पान ठेवून वर्ष पुरं झालं की तिचे भाऊ तिला कायमची माहेरी नेणार. मीच बोलावलंय, पोरीचं अख्खं आयुष्य पडलंय.

पायथ्याशी पोचलो, तर सावल्या लांबलेल्या. पानाचा डबा पोटाशी धरून ती जीपमध्येच बसली.

"आई, टळली का हो वेळ?" तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. मीही तिच्या शेजारी निवांत टेकले.

"टळली. केलंस मनासारखं, कालिंदे! आता कळव भावांना, वर्ष अजून पुरं झालं नाही म्हणावं."