दाबा, सोडा

नांदगाव खंडेश्वरच्या खुशालरावांनी आपल्या विलायती स्पोर्ट्स कारला नवे ब्रेक बसवायला अमरावतीहून धर्मपाल मिस्त्रीला बोलावलं आणि आधीच बजावलं, "या सीटवर माह्या घरचा गडीबी बसत नाही, तू तं नाहीच नाही. बौद्ध झाला म्हून काय झालं?"

ब्रेक बसले. आता ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढायला एक माणूस खाली चाकाशी आणि एक वर सीटवर बसून ब्रेकचं पायडल दाबायला लागणार होता.

"मंग पायडल तुमालेच दाबा लागते, मालक," धर्मपाल गाडीखालून म्हणाला. "मी म्हनतो तसं. दाबा. सोडा. दाबा."

बघायला गाव जमलं. खुशालराव घामानं निथळले, पाय थरथरू लागला.

"अबे, निघाली का नाही हवा?"

"हाये न जी अजून. दाबा."


गाडीखाली धर्मपालचा पाना केव्हाच पिशवीत गेला होता. नळीत हवा उरलीच नव्हती.