सोळा माणसांचं अंतर

"हे काय लिहिलंय?" चंद्रप्रकाश परबांनी फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला. "दवाखाना किती लांब, या रकान्यात 'सोळा माणसं'?"

"हो साहेब. तेवढाच लांब आहे," सपना वसावे म्हणाली.

सपना ही सातपुड्यातल्या उमरखाल पाड्याची आशाताई. पाड्याचं नाव रस्त्यांच्या यादीतून गळलं हे कळताच ती तीन गाड्या बदलून मुलुंडच्या या ऑफिसात येऊन धडकली होती. डोंगरातल्या पाड्यांचा सरकारी आराखडा इथे तयार होत होता आणि उद्या तो मंत्रालयात जायचा होता. नियम सोपा: दवाखाना पाच किलोमीटरहून लांब असेल, तर पाड्याला रस्ता. नियम परबांनी स्वतः बसवला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त चुकायची त्यांना सवय नव्हती.

"मला वाटलं, लोकसंख्या चुकून तिथे पडली," नकाशे करणारा हर्षद म्हणाला. "म्हणून मी पायवाट मोजून टाकली, सर. साडेचार किलोमीटर."

"वाट बरोबर मोजली भाऊ तुम्ही," सपना म्हणाली. "पण आमच्याकडे आजारी माणूस बांबूच्या झोळीतून न्यायचा. दोघं उचलतात, दमले की दुसरे दोघं खांद्यावर घेतात. किती माणसं जमल्यावर निघायचं, ते ठरलेलं असतं. शेजारच्या पाड्याला दहा लागतात; आमची वाट उभ्या चढउताराची, म्हणून आम्हाला सोळा. गेल्या महिन्यात एक बाई अडली. चौदाच जमले, बाकीचे गुजरातेत मजुरीला. दोघांची वाट बघत बसलो आणि बाई गेली."

परबांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण आराखड्यात वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

"तरी सोळा म्हणजे फारच झालं हो, ताई," ते म्हणाले. "मी दर रविवारी येऊरचा डोंगर चढतो. धडधाकट असतील तर दोघं पुरतात."

"मग बघू या ना, साहेब."

इमारतीला रंग चालला होता आणि खाली परांचीचे बांबू पडले होते. सगळे खाली उतरल्यावर सपनाने पिशवीतली चादर काढून एका बांबूला गाठी मारल्या. ऑफिस सहाव्या मजल्यावर. लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं.

"झोळीत मीच बसतो," परब बाह्या सरसावत म्हणाले. "हर्षद आणि नंदकिशोर, या दोघांनी मला वर नेलं, तर यादी आहे तशी जाईल. तिसरा माणूस लागला, तर तुमचा पाडा आत. शब्द माझा."

हर्षदने पुढून आणि नंदकिशोर शिपायाने मागून बांबू खांद्यावर घेतला. पहिल्या मजल्यापर्यंत हर्षद विनोद करत होता. दुसऱ्यावर तो गप्प झाला. परब हातपाय आखडून पडले होते आणि दर पायरीला त्यांच्या पाठीला हिसका बसत होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर हर्षदचा गुडघा लटपटला, झोळी कलली आणि परबांनी घाबरून दोन्ही हातांनी बांबू धरला.

"वाट लागली, सर," हर्षद धापा टाकत म्हणाला. "कुणाला तरी बोलवा ना यार!"

वरच्या कठड्यावरून सगळं ऑफिस वाकून बघत होतं. त्यात यादी सांभाळणारी शीतलही होती. एक पाऊल न चालता परब घामाघूम झाले होते. पण शब्द म्हणजे शब्द.

"हरलो मी," त्यांनी पडल्या पडल्या मोठ्याने सांगितलं. "शीतल, उमरखाल यादीत घे. आणि उद्या काही जाणार नाही. सगळे पाडे पुन्हा मोजायचे, माणसांत. मंत्रालयाला मी सांगतो." मग त्यांनी झोळीतून एक पाय बाहेर काढला. "चला, उतरवा मला. उरलेले तीन मजले चालत येतो."

सपनाने तो पाय उचलून परत आत ठेवला आणि कठड्यावरच्या दोघांना बोटाने खाली बोलावलं.

"पेशंट मध्येच उतरत नाही, साहेब," ती म्हणाली. "पडून राहा."