बाटलीतला पाव

"ताई, आज तुमी पाण्यात उतरू नकात," भिवा तांडेल हळूच म्हणाला. माझ्या लग्नाआधी यानेच मला समुद्रातल्या या खडकापाशी पहिल्यांदा प्रवाळं बघायला पाण्यात सोडलं होतं. तेव्हा मासे बुजतील म्हणून तो बोटीत खोकूही द्यायचा नाही.

आता चहूबाजूंनी बोटी आणि त्यांच्यावरची गाणी. भिवाने प्लॅस्टिकच्या बाटलीत भिजवलेला पाव कोंबला आणि ती माझ्या लेकीच्या हातात दिली. "खाली गेल्यावर दाब हां, मासे येतत."

त्याचं न ऐकता मीही चष्मा लावून उतरले. जिथे पूर्वी जांभळ्या प्रवाळांचं रान होतं, तिथे नांगरांनी केलेला पांढरा चुरा पसरला होता आणि त्यात कुणाची तरी चप्पल रुतली होती. पावावर मात्र पट्टेरी माशांची झुंबड उडाली होती.

लेक वर आली आणि तोंडातली नळी काढून ओरडली, "आई, तू सांगायचीस ना, अगदी तस्संच आहे!"

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. "हो गं," म्हणाले, "अगदी तस्संच."

भिवाने हात देऊन मला बोटीत ओढून घेतलं. बाटली पुन्हा भरताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"हल्ली माका पहिल्यांदा येणारीच माणसां बरी वाटतत, ताई."